टेप ड्राइव्हला उपाशी ठेवू नका

टेपवरचा बॅकअप बदनाम आहे. हळू चालतो, मधेच अडकतो, ऐन गरजेला वाचता येत नाही, असं सांगणारे प्रत्येक सर्व्हर रूममध्ये भेटतात. तक्रारी खऱ्या असतात, पण दोष टेपचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो ड्राइव्ह जोडताना आणि स्टोरेज युनिट बनवताना भरलेल्या चार-दोन रकान्यांत दडलेला असतो. टेप लायब्ररी येते, केबल लागतात, विझार्ड झरझर पार पडतो, एक चाचणी बॅकअप यशस्वी होतो आणि कामावर सही होते. ज्या आकड्यांवर पुढची अनेक वर्षं बॅकअप चालणार, ते विचार करून भरायला कुणाला वेळच मिळालेला नसतो. त्या आकड्यांकडे नीट बघावं, म्हणून हा लेख.

क्लाउडच्या काळात टेप हवी कशाला, हा प्रश्न तुमचे वरिष्ठ विचारतीलच. त्यांना २०११ सालची जीमेलची घटना सांगा. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस गूगलच्या एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या दोषामुळे सुमारे ०.०२ टक्के खात्यांतली पत्रं नाहीशी झाली. प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये होत्या, पण दोष त्या प्रतींपर्यंतही पोचला. वाचली ती टेपवरची प्रत, कारण ती ऑफलाइन होती. पत्रं परत आणली गेली ती तिच्यावरूनच. रॅन्समवेअरलाही हेच लागू आहे. मात्र एक गोष्ट लक्षात असू द्या. लायब्ररीत बसलेली टेप पूर्ण ऑफलाइन नसते. बॅकअप सॉफ्टवेअरचा ॲडमिन पासवर्ड ज्याच्या हाती लागला, तो रोबोटकडून टेप ड्राइव्हमध्ये घालून घेऊन तिच्यावर नवं लेबल लिहू शकतो. लायब्ररीतून काढून कपाटात ठेवलेली टेपच खऱ्या अर्थानं सुरक्षित.

उदाहरणासाठी मी नेटबॅकअप घेतो आहे. मोठ्या संस्थांमध्ये ते फार दिसतं, आणि 'स्टोरेज युनिट', म्हणजे बॅकअप कुठे आणि कसा लिहायचा याची नोंद, ही संज्ञा त्यातलीच. पूर्वी वेरिटासचं, मधे काही वर्षं सिमँटेकचं, मग पुन्हा वेरिटासचं आणि २०२४च्या डिसेंबरपासून कोहेसिटीचं असा या सॉफ्टवेअरचा प्रवास झाला आहे. त्याच्या विकासाचं बरंच काम पुण्यात होत आलं आहे. तुमच्याकडे बॅकुला किंवा दुसरं काही असेल तर रकान्यांची नावं बदलतील, गणित तेच राहील. आपल्यासमोर एक लिनक्स मीडिया सर्व्हर आहे आणि त्याला जोडलेली चार एलटीओ-८ ड्राइव्हची लायब्ररी आहे, असं धरून चालू.

कोणता ड्राइव्ह कोणता?

लायब्ररी आपल्या ड्राइव्हना पेटीतल्या जागेप्रमाणे क्रमांक देते: १, २, ३, ४. लिनक्स त्याच ड्राइव्हना एनएसटी०, एनएसटी१, एनएसटी२, एनएसटी३ अशी नावं देतं, आणि सर्व्हर सुरू होताना जो ड्राइव्ह आधी सापडेल त्याला पहिलं नाव मिळतं. या दोन क्रमांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. नव्या जोडणीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे.

घोळ कसा दिसतो ते पाहा. सॉफ्टवेअर रोबोटला सांगतं, 'स्लॉट ५ मधली टेप दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाल.' रोबोट मुकाट्यानं घालतो, ड्राइव्हचा दिवा लागतो. सॉफ्टवेअर मात्र एनएसटी१ वर टेप येण्याची वाट बघत बसतं, आणि एनएसटी१ असतो प्रत्यक्षात तिसरा ड्राइव्ह. काही मिनिटांनी माउंटची मुदत संपते, ड्राइव्ह 'डाउन' होतो आणि जॉब पडतो. सगळे ड्राइव्ह असे डाउन झाले की २००९ हा कोड येतो. त्याचा अर्थ, टेप आहे, पण तिच्यासाठी चालता ड्राइव्ह नाही. मग ड्राइव्ह बिघडला असं समजून तो बदलला जातो, आणि नवा ड्राइव्हही तसाच वागतो.

यावर भरवशाचा उपाय एकच: सिरियल नंबर. रोबोटला विचारलं तर कोणत्या जागेवर कोणत्या सिरियलचा ड्राइव्ह आहे ते तो सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिमला विचारलं तर कोणत्या नावामागे कोणता सिरियल आहे ते ती सांगते. नेटबॅकअपची 'स्कॅन' ही कमांड दोन्ही माहिती एकाच वेळी दाखवते. त्यावरून चार रकान्यांचा तक्ता करा: पेटीतली जागा, सिरियल, लिनक्समधलं नाव, नेटबॅकअपमधलं नाव. विझार्डनं ही जुळणी स्वतः केली असेल तरी प्रत्यक्ष पडताळा घ्याच. 'रोबटेस्ट' उघडा, एक कोरी टेप पहिल्या ड्राइव्हमध्ये घाला आणि 'एमटी'च्या स्टेटसमध्ये ती कोणत्या नावावर 'ऑनलाइन' दिसते ते पाहा. टेप काढा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, पुन्हा पाहा. चारही ड्राइव्हना हे करायला फार वेळ लागत नाही, आणि पुढच्या कितीतरी रात्री शांत जातात. ड्राइव्हला नाव देताना जागा आणि सिरियलचे शेवटचे चार अंक नावातच घ्या. तक्त्याची छापील प्रत रॅकच्या दाराला आतून चिकटवा. ड्राइव्ह बदलला की बहुधा सिरियलही बदलतो. जुना तक्ता तसाच राहिला तर पुन्हा तोच घोळ.

एनएसटी या नावातला पहिला 'एन' महत्त्वाचा आहे. लिनक्समध्ये प्रत्येक ड्राइव्हला एसटी आणि एनएसटी अशी दोन नावं असतात. एसटी नावानं उघडलेला ड्राइव्ह काम संपून बंद होताना टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळून आणतो. एनएसटी तसं करत नाही. बॅकअपसाठी नेहमी एनएसटी. आता कल्पना करा, तुमचा बॅकअप टेपच्या मध्यावर लिहीत आहे आणि त्याच सॅनवरच्या दुसऱ्या एखाद्या सर्व्हरनं, किंवा कुणी लिहिलेल्या देखरेखीच्या स्क्रिप्टनं, तोच ड्राइव्ह एसटी नावानं उघडून बंद केला. टेप सुरुवातीला जाते आणि पुढचं लिखाण आधीच्या डेटावर होतं. नेटबॅकअपला हे कळतं तेव्हा ते टेप गोठवतं, म्हणजे वापरातून बाजूला काढतं, आणि लॉगमध्ये लिहितं की बाहेरच्या घटनेमुळे लिहिताना टेप गुंडाळली गेली, टेपवरचा सगळा डेटा गेला. असा संदेश एकदाही दिसला तर सगळी कामं बाजूला ठेवा आणि तो दुसरा सर्व्हर शोधून काढा. सॅनच्या झोनिंगमध्ये ज्याला टेप लागत नाही त्याला ती दिसताच कामा नये. एससीएसआय रिझर्व्हेशन चालू ठेवा. डिस्क आणि टेप यांची वाहतूक एकाच एचबीए पोर्टवरून नेऊ नका.

ड्राइव्हची भूक

आता मुख्य मुद्दा. पूर्ण उंचीच्या एलटीओ-८ ड्राइव्हचा कमाल वेग सेकंदाला ३६० एमबी आहे, एलटीओ-९चा ४००. अर्ध्या उंचीचे ड्राइव्ह ३०० पर्यंत जातात. खरेदीच्या वेळी हा आकडा सगळे बघतात. किमान वेगाचा आकडा मात्र कुणी बघत नाही, आणि रोजच्या कामात तोच निर्णायक ठरतो. येणाऱ्या डेटाच्या वेगाप्रमाणे ड्राइव्ह आपली गती कमी-जास्त करतो, पण एका मर्यादेपर्यंतच. एलटीओ-८मध्ये ही खालची मर्यादा सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे एमबीच्या आसपास असते. डेटा त्याहून हळू आला की ड्राइव्हपुढे पर्याय राहत नाही. तो टेप थांबवतो, थोडी मागे घेतो, बफर भरेपर्यंत थांबतो आणि पुन्हा वेग धरून लिहायला लागतो. याला शू-शायनिंग म्हणतात. लायब्ररीजवळ उभं राहिलं तर कान देऊन ओळखता येतं: सलग, एकसुरी घरघर ऐकू येण्याऐवजी दर काही सेकंदांनी थांबणं आणि सुटणं ऐकू येतं. यात वेग तर जातोच, शिवाय हेड आणि टेप दोन्ही झिजतात.

एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास डेटा येतो. म्हणजे अशा नेटवर्कवरचा एकटा क्लायंट एलटीओ-८ ड्राइव्हला जेमतेम त्याच्या किमान वेगावर चालवू शकेल, तेही त्याची डिस्क तितक्या वेगानं वाचता आली तर. 'एलटीओ-५ काढून एलटीओ-८ घेतला आणि बॅकअप आणखी हळू झाला' ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. एलटीओ-५ सेकंदाला १४० एमबीपर्यंतच जायचा, आणि त्याचा किमान वेगही बराच कमी होता. जुन्या नेटवर्कला तो मानवत होता, नवा मानवत नाही.

म्हणून ड्राइव्ह विकत घेण्याआधी, आणि घेतलेला असेल तर स्टोरेज युनिट बनवण्याआधी, डेटा किती वेगानं वाचता येतो ते मोजा. क्लायंटवरचा नेटबॅकअपचा 'बीपीबीकार' हा प्रोग्रॅम एखादं फोल्डर वाचून ते थेट नल डिव्हाइसमध्ये टाकू शकतो. टेप नाही, नेटवर्क नाही, नुसतं वाचन. लागलेल्या वेळावरून क्लायंटचा खरा वेग कळतो. सहकारी बँकेत केवायसीच्या कागदांची, इस्पितळात रिपोर्टांची लाखो छोटी स्कॅन केलेली चित्रं एका फाइल सर्व्हरवर असतात. त्यांचा वेग पाहून धक्का बसेल. फाइल उघडणं आणि बंद करणं यातच वेळ जातो. डिस्क कितीही चांगली असो, वेग किमान मर्यादेच्या खूप खाली राहतो. अशा सर्व्हरचा बॅकअप थेट टेपवर कधीही लावू नका. तो व्हर्च्युअल मशीन असेल तर पूर्ण मशीनच्या पातळीवर इमेज घ्या, नाहीतर आधी डिस्कवर उतरवा.

आता चार ड्राइव्हचं गणित करू. प्रत्येकी ३०० धरले तर एका वेळी चार ड्राइव्हना सेकंदाला १२०० एमबी लागतात. दहा गिगाबिटच्या एका जोडणीची कागदावरची कमाल क्षमता १२५० आहे, प्रत्यक्षात त्याहून कमी मिळते, आणि तेवढा डेटा तितक्याच वेगानं वाचून देणारी डिस्कही हवी. मीडिया सर्व्हरला ६०० एमबीच मिळत असतील तर चार ड्राइव्ह प्रत्येकी १५०वर रखडत चालवण्यापेक्षा दोन ड्राइव्ह ३००वर चालवा. काम तेवढ्याच वेळात होतं, यंत्रांची झीज निम्मी होते आणि उरलेले दोन ड्राइव्ह रिस्टोरसाठी मोकळे राहतात. 'ड्राइव्ह आहेत तर सगळे वापरा' हा हट्ट मला कधीच पटलेला नाही.

क्लायंट हळू आहेत आणि ड्राइव्हची भूक मोठी आहे, यावरचा जुना उपाय म्हणजे मल्टिप्लेक्सिंग. चार क्लायंटचे प्रवाह एकाच टेपवर एकाआड एक लिहिले जातात, ड्राइव्ह पूर्ण वेगात चालतो. किंमत मोजावी लागते ती रिस्टोरच्या वेळी. एका क्लायंटचा डेटा हवा असला तरी ड्राइव्हला चौघांचा वाचावा लागतो आणि तिघांचा टाकून द्यावा लागतो. म्हणून फाइल सर्व्हरसाठी चारपर्यंत ठीक. आठ किंवा सोळाच्या वाटेला जाऊ नका. डेटाबेससाठी तर मल्टिप्लेक्सिंग नकोच. बँकेचा मुख्य डेटाबेस परत आणायचा असतो तेव्हा बाहेर ग्राहक उभे असतात, तिथे टाकून द्यायचा डेटा वाचत बसणं परवडत नाही.

माझ्या मते आज योग्य रचना एकच: बॅकअप आधी डिस्कवर, तिथून टेपवर. रात्री क्लायंट आपापल्या मंद गतीनं डिस्कवर लिहितील. दिवसा मीडिया सर्व्हर त्या डिस्कवरून सलग, भरधाव वाचून टेप भरेल. नेटबॅकअपमध्ये स्टोरेज लाइफसायकल पॉलिसी हे काम करते: पहिली प्रत डिस्कच्या स्टोरेज युनिटवर दोन आठवड्यांसाठी, दुसरी टेपच्या युनिटवर पुढच्या काळासाठी. नेहमीचे रिस्टोर डिस्कवरून झटपट होतात, टेप दूरच्या मुदतीसाठी आणि संकटासाठी राहते. यात एक अडचण आहे. डिस्क डीड्युप्लिकेशनची असेल तर टेपवर नेताना डेटाचे विखुरलेले तुकडे गोळा करून मूळ रूपात जोडावे लागतात, आणि हे वाचन सलग नसतं. डीड्युप पूल टेपला किती वेग देतो ते विक्रेत्याकडून स्वतःच्या डेटावर मोजून घ्या. वेग पुरत नसेल तर मोठ्या डेटाबेसांसाठी साध्या डिस्कचं वेगळं युनिट ठेवणं शहाणपणाचं.

बफरकडेही बघायला हवं. टेपसाठी नेटबॅकअपचा मूळ बफर ६४ केबीचा असतो, आजच्या ड्राइव्हना तो लहान पडतो. 'साइझ डेटा बफर्स' या फाइलमध्ये २६२१४४, म्हणजे २५६ केबी, हा आकडा लिहावा. 'नंबर डेटा बफर्स'मध्ये ६४ पासून सुरुवात करावी. मेमरीचा हिशेब सोपा आहे: बफरचा आकार गुणिले संख्या गुणिले ड्राइव्ह गुणिले मल्टिप्लेक्सिंग. २५६ केबी, ६४ बफर, ४ ड्राइव्ह, ४ प्रवाह धरले तर २५६ एमबी होतात. आजच्या सर्व्हरला ते जड नाही. आकार बदलल्यावर एक रिस्टोर लगेच करून पाहा, आणि तोच आकार तुमच्या आपत्कालीन केंद्रातल्या सर्व्हरच्या एचबीएला आणि ड्रायव्हरला झेपतो का तेही आजच पाहा. इथे लिहिलेली टेप तिथे वाचता येत नाही, हे संकटाच्या दिवशी कळून उपयोग नाही.

बफर बदलून फरक पडला की नाही, हे अंदाजानं ठरवू नका. 'बीपीटीएम'चा लॉग चालू करा. जॉबच्या शेवटी त्यात भरलेल्या बफरसाठी किती वेळा थांबावं लागलं आणि रिकाम्या बफरसाठी किती वेळा, हे लिहिलेलं असतं. लिहिणारी बाजू भरलेल्या बफरची वाट बघत हजारो वेळा थांबली असेल तर डेटाच येत नाही. क्लायंट, नेटवर्क, डिस्क तपासा. टेपला हात लावू नका. वाचणारी बाजू रिकाम्या बफरसाठी थांबली असेल तर टेप मागे पडते आहे. अख्ख्या निदानाची निम्मी वाट या दोन ओळींत आहे.

स्टोरेज युनिटचे रकाने

एवढं ठरल्यावर युनिट बनवणं सोपं आहे. टेपसाठी प्रकार 'मीडिया मॅनेजर' निवडा. मग रोबोटचा क्रमांक आणि डेन्सिटी. डेन्सिटीची नावं एचकार्ट, एचकार्ट२, एचकार्ट३ अशी आहेत. ही केवळ लेबलं आहेत. कोणती पिढी कोणत्या नावाखाली हे तुम्ही ठरवायचं, पण ड्राइव्ह, टेप आणि युनिट या तिन्हींत तेच नाव हवं. ड्राइव्ह एचकार्ट३ आणि टेप एचकार्ट२ म्हणून नोंदल्या गेल्या तर कपाटभर कोऱ्या टेप असूनही ९६ कोड येतो: नवी टेप मिळत नाही. लायब्ररीत दोन पिढ्या एकत्र असतील तर त्यांना वेगळी नावं देणं भागच आहे. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचत. एलटीओ-८ फक्त एलटीओ-७ पर्यंत मागे जातो आणि एलटीओ-९ फक्त एलटीओ-८ पर्यंत.

एकाच वेळी किती ड्राइव्हवर लिहायचं हा रकाना मघाच्या गणितावरून भरा. सगळा वेग उपलब्ध असला तरी चारपैकी तीनच लिहा. एक ड्राइव्ह रिस्टोरसाठी मोकळा असायलाच हवा, नाहीतर साहेबांची हरवलेली फाइल रात्रीचा बॅकअप संपेपर्यंत रांगेत राहते. त्याच ड्राइव्हवर दोन युनिटं बनवली तर दोघांच्या संख्यांची बेरीज डोक्यात ठेवा. आणि अशी दोन युनिटं बनवाच: एक डेटाबेससाठी मल्टिप्लेक्सिंग १ असलेलं, दुसरं फाइलींसाठी ४ असलेलं. युनिटमधला आणि पॉलिसीच्या शेड्यूलमधला, या दोन आकड्यांपैकी लहान असेल तोच लागू होतो. 'वाढवलं तरी काही होत नाही' यामागचं कारण बहुधा हेच असतं. 'मागितलं तरच वापरा' ही खूण टेपच्या युनिटला लावून ठेवा, म्हणजे एखादी नवी पॉलिसी चुकून थेट टेपवर जाणार नाही.

युनिटांचे गट करताना निवडीची पद्धत नीट वाचा. 'प्रायॉरिटाइझ्ड'मध्ये पहिलं युनिट व्यस्त असलं तरी जॉब दुसऱ्याकडे जातो. 'फेलओव्हर'मध्ये पहिलं बंद पडलं किंवा त्यातल्या टेप संपल्या तरच. एका युनिटमागे दुसऱ्या शहरातलं युनिट उभं असेल तर हा फरक महागात पडू शकतो.

एलटीओ-९ घेतला असेल तर आणखी एक: नवी कोरी टेप पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये गेली की ड्राइव्ह तिची जुळणी करून घेतो आणि त्याला बराच वेळ लागतो, कधी दोन तासांपर्यंत. माउंटची मुदत त्याआधीच संपली तर जॉब पडतो. नव्या टेप दिवसा, बॅकअप नसताना, एकेक करून घालून तयार ठेवा.

टेप, मुदती आणि पावसाळा

क्षमता मोजताना खोक्यावरचा मोठा आकडा विसरा. एलटीओ-८ टेप १२ टीबीची आहे. ३० टीबी हा आकडा डेटा अडीच पट दाबला जाईल या गृहीतावर उभा आहे. व्हिडिओ, जेपीईजी आणि आधीच एन्क्रिप्ट केलेला डेटा दाबला जात नाही. एन्क्रिप्शन हवं असेल तर ते ड्राइव्हकडून करून घ्या. एलटीओ-४ पासून ती सोय आहे. ड्राइव्ह आधी दाबतो, मग एन्क्रिप्ट करतो.

मुदतींचे प्रकार कमी ठेवा. नेटबॅकअप सहसा वेगवेगळ्या मुदतींचा डेटा एका टेपवर मिसळत नाही, त्यामुळे जितक्या मुदती आणि जितके पूल, तितक्या अर्धवट भरलेल्या टेप. तीन मुदती बहुतेकांना पुरतात. त्या ठरवताना कायदा बघा. कंपनी कायद्याच्या कलम १२८प्रमाणे हिशेबाची पुस्तकं किमान आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात, आणि २०२२च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेणं बंधनकारक आहे. टेप हा त्या सर्व्हरला पर्याय नाही, जोड आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. आठ वर्षांच्या मुदतीचा दुसरा अर्थ असा की आजची टेप वाचणारा ड्राइव्ह आठ वर्षांनी तुमच्याकडे असायला हवा. एलटीओ-८ २०१७चा, एलटीओ-९ २०२१चा. लायब्ररी बदलताना जुना एक ड्राइव्ह चालू स्थितीत ठेवा किंवा जुना डेटा नव्या टेपवर उतरवा, आणि हा खर्च खरेदीच्या प्रस्तावातच दाखवा.

दीर्घकाळ जपायच्या टेपला १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हे आपोआप मिळत नाही. रात्री एसी बंद होणाऱ्या खोलीतलं लोखंडी कपाट ही टेप ठेवायची जागा नव्हे. पावसात टेप नेताना बंद प्लास्टिकच्या पेटीतून न्या, आणि बाहेरून आलेली टेप २४ तास सर्व्हर रूममध्ये ठेवल्यावरच ड्राइव्हमध्ये घाला. बारकोडचं लेबल त्याच्या खाचेतच लावा, त्यावर पेननं काही लिहू नका. साफसफाईची टेप साधारण ५० वेळा चालते. ती ड्राइव्ह मागेल तेव्हाच वापरा. दर सोमवारी स्वच्छता करण्याची सवय हेड झिजवते.

परत आणता येतं का?

टेपवर काय आहे हे कॅटलॉगला माहीत असतं, आणि कॅटलॉग असतो सर्व्हरवर. सर्व्हर गेला तर टेपचा ढीग उरतो, त्यातलं काय कुठे हे सांगणारं कुणी नाही. टेप आयात करून कॅटलॉग पुन्हा उभा करता येतो, पण एकेक टेप वाचत, दोन टप्प्यांत. त्यात दिवस जातात. म्हणून कॅटलॉगचा बॅकअप रोज, त्याच्या स्वतंत्र पूलमध्ये. आपत्कालीन फाइल आणि तिचा पासफ्रेज सर्व्हरच्या बाहेर, दोन जबाबदार माणसांकडे. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या तिसऱ्या जागी. किल्ल्या हरवल्या तर त्या टेपवरचा डेटा कायमचा गेला, त्याला कोणतीही कंपनी काही करू शकत नाही.

रिस्टोरची चाचणी दर तिमाहीला घ्या. लायब्ररीत समोर दिसणारी टेप घेऊ नका. बाहेर ठेवलेली, काही महिने जुनी टेप मागवा, दुसऱ्याच सर्व्हरवर डेटा उतरवा, आणि ज्याचा तो डेटा आहे त्या विभागाच्या माणसाला उघडून बघायला लावा. लागलेला वेळ लिहून ठेवा. व्यवस्थापन 'किती वेळात सुरू होऊ' असं विचारतं तेव्हा हाच आकडा कामाला येतो.

रोजच्या देखरेखीसाठी एक साधी वही किंवा तक्ता पुरतो: आठवड्यातून एकदा प्रत्येक ड्राइव्हचा सरासरी वेग आणि गोठवलेल्या टेपची यादी. ८४ म्हणजे लिहिताना चूक, ८५ म्हणजे वाचताना, ८६ म्हणजे जागा सापडली नाही. एका टेपवर बारा तासांत वारंवार चुका झाल्या की नेटबॅकअप तिला गोठवतं, आणि मुदत संपली तरी ती आपोआप वापरात परत येत नाही. या टेप सरसकट मोकळ्या करू नका, फेकूनही देऊ नका. आधी पाहा. एकच टेप वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये चुकत असेल तर टेप खराब आहे. तिच्यावरचा जिवंत डेटा दुसऱ्या टेपवर उतरवून ती बाद करा. वेगवेगळ्या टेप एकाच ड्राइव्हमध्ये चुकत असतील तर त्या टेप निर्दोष आहेत. त्या मोकळ्या करा, ड्राइव्ह डाउन करा आणि दुरुस्तीची तक्रार त्याच दिवशी नोंदवा, सिरियल नंबरसकट.